पियानो हलणार नाही

परमेश्वराची कृपा स्मरून लिहितो.

चिरंजीवास आशीर्वाद.

"बाबा, आई गेली, आता वाजवतंय कोण? विकून टाका!" असे तू फोनवर म्हणालास. ऐक. पियानोमागच्या भिंतीला ओल आली, तेव्हा सूर लावणारे गृहस्थ म्हणाले, "आजोबा, कोरडी भिंत एकच, आणि तिथे तुमचे पोथ्यांचे कपाट!" जे कपाट चाळीस वर्षे तुझ्या आईलाही हलवू दिले नाही, ते मी स्वहस्ते रिकामे केले, आणि त्याच्या जागी पियानो आला. पोथ्या आता माझ्या उशाशी आहेत. नित्यपाठ झाला, की मऊ फडक्याने पट्ट्या पुसतो आणि प्रत्येक पट्टी एकदा दाबतो. तूर्त वादक मीच आहे. तू पाठवलेले गिऱ्हाईक आज दारातूनच परत धाडले.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवले तर विनंती वाटेल.

तुझा हट्टी बाप

कधी कुणाच्या हाती पडलेच, तर वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण होवो.