अर्धे सरळ, अर्धे माझे

१० ऑक्टोबर २००४, रविवार

सुवर्णे, पुढे कधी हे वाचशील आणि विचारशील, हे कुणी लिहिलं? तूच लिहिलंस, बाई. तुला कालची भाजी आठवत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. बोलणारी मी, नवसाबाई, तुझ्या बापाची आई. तोंड माझं, हात तुझा. मी ‘नाय’ म्हणते, तू ‘नाही’ लिहितेस. लिही. पण गाळू नको काही. आता मी कागदाशी बोलते, तू मध्ये बोलायचं नाही.

तर – पोरीनं केस सरळ करायचं क्रीम आणलंय. पुण्याच्या एका हॉटेलात काउंटरवर नोकरी आहे, पुढच्या सोमवारी मुलाखत. हिचे केस माझ्यावर गेलेत. कुरळे, दाट, विंचरायला बसलं की फणीचे दात जातात. कॉलेजात पोरी ‘घरटं’ म्हणतात. म्हणते, “आजी, असे केस घेऊन गेले तर दारातूनच परत पाठवतील.” मी म्हटलं, माझं लग्न याच केसांवर झालं. तर म्हणते, “आजोबांना कमी दिसायचं.” हेही लिहिते आहे बघा, हसत हसत.

माझं दुखणं वेगळं. आम्ही फुलांची माणसं. मखमलाबादच्या मळ्यात आमची शेवंती. घरातली बाई चांगल्या कामाला निघाली की डोक्यात फूल हवंच. आणि सरळ केसात फूल टिकत नाही. शेजारच्या तानुबाईच्या सुनेनं पार्लरात जाऊन केस काचेसारखे करून घेतले. हळदीच्या पंगतीत तिची शेवंतीची वेणी सुळकन घसरली ती थेट कढीत. पिना लावूनसुद्धा.

मी म्हटलं, सरळ कर, पण थोडं वळण राहू दे.

“क्रीमला तसं सांगता येत नाही, आजी.”

१६ ऑक्टोबर, शनिवार

घोटाळा झाला. माझ्याच हातून.

काल संध्याकाळी हिचं डोकं तेलानं चोपडलं. आमच्यात न्हायच्या आदल्या दिवशी तेल लागतंच, हात आपोआप जातो. हीसुद्धा डुलक्या घेत बसलेली. आणि आज हिनं क्रीम आधी कालवलं, खोक्यातला कागद मग वाचला. कागद म्हणतो – केसांना तेल नको, कोरडे हवेत.

साधना, म्हणजे हिची आई, म्हणाली, “आई, आता पुढच्या शनिवारी करा.” पुढच्या शनिवारी करून काय, मुलाखत परवा. कालवलेलं क्रीमही टिकणार नाही. पोरगी रडवेली झाली. “आजी, तू ना!”

मी क्रीम नाकाशी नेलं. वास चुन्यासारखा. आणि चुना मला कळतो, जन्म गेला तंबाखू मळण्यात. जास्त झाला की जीभ सोलते, म्हणून नखावर घ्यायचा असतो. म्हटलं, आधी कानामागच्या एका बटेला लावू. लावलं, धुतलं. बट तुटली नाही. पण सपाटही झाली नाही. पाटाचं पाणी सावकाश वळतं ना, तशी झाली.

हिनं ती बट आरशात फिरवून फिरवून पाहिली. मग माझ्याकडे पाठ करून बसली. “सगळे असेच कर.”

कागदात लिहिलं होतं, फणीनं ओढून ओढून सरळ करा. मी फणी हातातच घेतली नाही. हातमोजे चढवले, बोटांनी वरवर फिरवलं, मुळांना लागू दिलं नाही, चुरचुरायच्या आत धुऊन टाकलं.

१७ ऑक्टोबर

सुवर्णा माझ्याशी थोडं बोलते, आरशाशी जास्त.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

नोकरी लागली!

मुलाखतीच्या बाईंनी विचारलं म्हणे, “केस कुठल्या पार्लरमध्ये केलेत?” ही म्हणाली, “घरीच. आजीनं.” बाईंना वाटलं, आजीचं पार्लर आहे. हिनं नाही म्हटलं नाही. एवढं खोटं चालतं.

एकच सांगितलं बाईंनी – काउंटरवर फूल चालणार नाही. ते मला जरा लागलं. पण शेवंतीची वेणी एसटीनं पुण्याला गेली आणि डोक्यातच परत आली. चेपली, पण पडली नाही. मी गल्लीत सगळ्यांना दाखवून आले. तानुबाईच्या सुनेला दोनदा.

१३ फेब्रुवारी २००५, रविवार

सुवर्णा सुट्टीवर आली. मुळाशी नवे केस कुरळे उगवलेत, खालचे लाटेचे. मधोमध बांध घातल्यासारखं दिसतं.

आता चूक राहिली नाही, रीत झाली. आदल्या दिवशी तेल. खालच्या केसांना आज पुन्हा तेलाचा हात, म्हणजे त्यांना क्रीम बाधणार नाही. क्रीम फक्त नव्या वाढीला, तेही टाळू सोडून. फणी नाही. हे नीट लिही, विसरशील.

पुण्याला हिच्या खोलीत राहणाऱ्या पोरी हिला विचारतात, ही कुठली स्टाइल? म्हटलं, मखमलाबाद स्टाइल सांग.

२२ मे, रविवार

आता साधना लिहिते. हळू लिहिते, मला शब्द तोंडात धरून बसावं लागतं.

सुवर्णा क्रीम लावायला येणार होती. आली नाही. फोनवर केसांचं विचारलं तर म्हणाली, “बघू, आजी.” बघू काय? पार्लरात गेली असणार. काचेसारखे करून घेतले असणार.

साधना म्हणते, “केस तिचे आहेत, आई.” तिचे कसे? माझ्याकडून गेलेत.

१२ जून

अजून बघूच.

११ जुलै, सोमवार

पुण्याहून पाकीट आलं. साधना पत्र उलगडत बसली. मी फोटो ओढून घेतला, तो मला वाचता येतो. काउंटर आहे. मागे सुवर्णा. केस पोरासारखे आखूड कापलेले – आणि सगळेच्या सगळे कुरळे, मुळापासून टोकापर्यंत माझे. वर जुईचा गजरा. त्याच काउंटरवर!

साधनानं वाचलं, “आजी, क्रीम सोडलं. वाढेपर्यंत तुला सांगायचं नव्हतं. बाई फुलाला आता काही बोलत नाहीत.”

म्हणजे माझी एवढी रीत वाया गेली. जाऊ दे.

साधना, उद्याच्या एसटीनं वाळवणातले ज्वारीचे बिबडे पाठव. भाजून नको, चुरा होईल. खोलीतल्या पोरींना पुरतील एवढे. सोबत शेंगदाण्याचं तेल, बिबड्यांवर घालून खायला. डोक्याचं तेल पाठवू नको. ते इथं येऊन लावून घे म्हणावं.