यंदा वालाला औषध नाही

३ डिसें. ८५, मंगळ
वालाला मावा लागला, ती बारीक काळी कीड. शेंडे काजळ माखल्यासारखे काळे. यंदा औषध मारायचं नाही असं मीच घरभर ठणकावून सांगितलंय, तर हा हजर. जोसेफला दाखवलं तर हसतो. "तू नको म्हणालीस ना, मग त्याला पण सांग."

याला हसू येतं. गेल्या साली पंप पाठीवर घेऊन औषध मारता मारता हाच माझा नवरा बांधावर कोसळला होता. ओकाऱ्या, तोंडाला फेस. गोराईची खाडी होडीतून पार करून बोरिवलीच्या डॉक्टरकडे नेईपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. त्याच्या पाठीवर पुन्हा पंप चढू देणार नाही. बस.

६ शुक्र.
देवळाच्या हॉलमध्ये शेतकी खात्याच्या माणसाने सांगितलं होतं तसं सगळं केलं. माव्याचे शेंडे खुडून जाळले, पानांवर साबणाचं पाणी. ठिपक्यांचे लाल किडे दिसले तर हात लावायचा नाही, ते मावा खातात. दिसला एक. त्या बिचाऱ्यावर अख्खा मळा! कंबर गेली माझी.

८ रवि.
देवळातली रविवारची प्रार्थना, मिसा, आटपून थोरले दीर आले, इनासभावोजी. मळा दोघा भावांचा, वालही दोघांचा, तेव्हा त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही. बांधावरूनच बघितलं. "वाट लागली ना गो वालाची!" मग, "नाताळाच्या आधीच्या रविवारपर्यंत बघतो. नायतर पंप काढायचा." कोण मारणार ते बोलले नाहीत. मारतो नेहमी जो.च.

सासूबाई चुलीत लाकूड सारत होत्या. नंतर हळूच मला, "बरा होईल गो वाल. मी हाय ना." काय करणार या? नऊ दिवसांची नोव्हेना-प्रार्थना?

१३ शुक्र.
कुंपणाकडच्या ओळी सुधारतायत. विहिरीकडच्या मात्र... हिरव्यागार, लुसलुशीत, बघत राहावं अशा. आणि मावा तिथेच सगळ्यात जास्त. शेंडा खुडला की लगेच नवा फुटतो, तोही काळा. जो. म्हणतो मातीचा दोष. मी म्हणते नशिबाचा. दोघांनाही काडीचं कळत नाही.

१६ सोम.
कळलं.
संध्याकाळी विहिरीवर गेले तर सासूबाई कळशीने वालाच्या बुंध्याशी काहीतरी ओततायत. आधी वास आला. सुका जवळा नि बोंबील धुतलेलं, कुजवलेलं पाणी. म्हणे, "अशक्त झालाय ना, ताकद नको? जोसेफला मी बोंबलाचं कालवण देऊन देऊनच उठवला ना?"

रोज ओतत होत्या. मी पुढून खुडतेय, त्या मागून वाढवतायत! शेतकीवाला बोलला होता, खत जास्त झालं की कोवळी पालवी फुटते आणि माव्याला तीच हवी असते. तेव्हा मी शहाण्यासारखी मान डोलावली. घरात मात्र कोणाला सांगितलं नाही.

ओरडणार होते. मग त्यांचे हात बघितले, कळशीचा काठ लागून सोललेले. हे सगळं मुलासाठीच ना? कळशी मीच उचलून घरी आणली.

१७ मंगळ
सांगितलं शेवटी. "आई, वाल आजारी नाय, माजलाय." हसतील वाटलं. नाही हसल्या. कळशी पालथी घालून आत गेल्या. दुपारी जेवल्या नाहीत. फार वाईट वाटतंय.

१८ बुध
सकाळी मळ्यात गेले तर सासूबाई आधीच तिथे, शेंडे खुडतायत. चष्मा घरी. चांगलेही खुडतायत. खुडू देत.

२१ शनि.
विहिरीकडे लाल किडे आले. एक-दोन नाही, बरेच. मावा कमी वाटतोय. जो. म्हणतो, तुला वाटतोय. उद्या रविवार. भावोजींची मुदत.

२२ रवि.
भावोजी आले, पंप भरून, स्वतःच्याच पाठीवर. जो. गुपचूप उठला, अंगातला चांगला शर्ट काढायला लागला. भावोजी म्हणाले, "तू बस रे. या वेळी मी मारतो."

एवढंच तर हवं होतं मला. सुटले असं वाटायला पाहिजे होतं. ते मळ्याकडे वळले, पट्टा खांद्यात रुतलेला, पाठ अगदी जो.सारखी. माझ्या तोंडून गेलंच, "भावोजी, तुम्ही पण नको."

"मग काय, वाल मरू दे?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "इनास, उतरव तो." भावोजींनी आधी पट्टा सैल केला. मग उतरवला. कोणाकडे न बघता घरी गेले.

२३ सोम.
मावा आहे अजून. लाल किडेही आहेत. कोण कोणाला पुरून उरतंय समजत नाही. सकाळी भावोजी आले, विहिरीकडची एक ओळ धरली, शेवटपर्यंत शेंडे खुडले, चहा न घेताच गेले. वाल हातचा गेला तर ते मला एका शब्दाने बोलणार नाहीत. तेच मला सोसणार नाही.