खुर्ची विणायला आलेला माणूस

गुरुवार, दि. ११

ती. मामा यांस,
साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे, असं सवयीने लिहिलं होतं, ते खोडलं. बावीस वर्षांनी पत्र लिहितेय, त्याची सुरुवात तरी खोट्याने नको.

फर्निचरच्या दुकानात हे तुम्हाला कोण वाचून दाखवणार, मला ठाऊक नाही. जे कोणी वाचत असाल त्यांना हात जोडून विनंती, एक ओळही गाळू नका. मला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर वाचून झाल्यावर द्या.

आई जाऊन चार वर्षं झाली. तुम्हाला कळवलं नाही. पत्ता नव्हता असं लिहिणार होते, पण तो पहिल्यापासून तिच्या शिवणाच्या डब्यात होता.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. वायरमनच्या हाताखाली शिकतो. दोन महिन्यांपूर्वी त्याने लाल वायरच्या जागी हिरवी जोडली. "डोळे घरी ठेवून आलास काय रे?" म्हणून वायरमन ओरडला. घरी त्याने नक्कल करून दाखवली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग एकदा जेवताना डावा डोळा चोळत म्हणाला, "आई, तुझं नाक कुठे गेलं?" मला वाटलं, चेष्टा करतोय. मामा, त्याला उजव्या डोळ्याने मधलं काही दिसत नाही. नुसतं कडेकडेचं दिसतं. दुखत नाही, खुपत नाही. डावा अजून चांगला आहे.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आमचं घराणं काढलं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आणि ज्याला आजार त्याचा आतून काळा. ह्यांच्या बाजूचे काका, आत्या, चुलत भाऊ मिळून अर्धा कागद भरला. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या आईकडे कुणाचे डोळे गेले होते का?" हे शेजारीच बसले होते. मी म्हणाले, "आई एकुलती एक होती." पोराच्या डोळ्यांचा प्रश्न असताना मी असं म्हणाले.

तुमचे डोळे तिसऱ्या वर्षी तापात गेले, असं आई सांगायची. परवा पत्त्यासाठी डबा उपसला तर तळाशी फोटो निघाला. तुम्ही शिडीवर उभे आहात, हातात ब्रश, समोर दुकानाची अर्धी रंगवलेली पाटी. अक्षरं कशी सरळ रेषेत! आणि तुम्हाला मिसरूड फुटलंय. तीन वर्षांच्या मुलाला मिशा कुठून येणार?

काल मी ह्यांना सगळं सांगितलं. हे चपला घालून बाहेर गेले. तासाभराने आले आणि एवढंच म्हणाले, "पत्र लिहिलंस का?" मग दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आईच्या गोलाशेजारी एक चौकोन काढला आणि पोकळ ठेवला. म्हणाल्या, "ताप होता की आपोआप गेले, हे त्यांनाच विचारा." रक्ताचा रिपोर्ट यायला सहा आठवडे आहेत. आजार माझ्या आईच्या घराण्यातून आला असेल तर औषध लगेच सुरू करता येईल आणि दुसऱ्या डोळ्याची थोडी आशा धरता येईल. नुसत्या संशयावर त्या देत नाहीत.

म्हणून विचारते. तेव्हा तुमचं वय काय होतं? दुखलं होतं का? आधी एक डोळा गेला का, आणि दुसरा किती दिवसांनी? रंगांची गल्लत व्हायची का? आजीचा एक भाऊ घर सोडून गेला म्हणायचे, तो खरंच गेला, की त्यालाही दिसत नव्हतं? आजीला भाऊ होते तरी किती? मला काही माहीत नाही, मामा. आईचं माहेर म्हणून माझ्याकडे फक्त हा डबा आहे.

लग्नातलं लिहायचं टाळत होते.

तुम्ही नवा शर्ट घालून, काठीने चाचपत हॉलच्या दारात आलात. सासूबाईंनी विचारलं, "हे कोण?" आईने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "खुर्च्या विणतात. हॉलमधली एक फाटलीय, म्हणून बोलावलंय." तुम्ही काठी बगलेत धरलीत. मग म्हणालात, "हो. कुठली खुर्ची?" आणि मागच्या व्हरांड्यात बसून तुम्ही खरंच खुर्ची विणलीत. आत पंगती उठल्या. तुम्हाला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मीही नाही. आई त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

तापच होता, तर मी घाबरले कशाला? कुणी विचारलंच तर माझं लग्न मोडू नये म्हणून आईने ती तापाची गोष्ट रचली, हे मला आतून ठाऊक होतं. मला ती हवीच होती.

दुकानाचा फोन लागत नाही. बसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्या हाती हे देतेय. तो उद्या दुपारी तिकडून परत निघतो. दोन ओळी लिहवून द्या, किंवा त्याला तोंडी सांगा. मुलगा मघाशी विचारत होता, "मामाआजोबांना विणायला शिकायला किती दिवस लागले?" मी त्याच्यावर खेकसले आणि मोरीत जाऊन रडले.

उत्तर आलं नाही तर शनिवारी मी त्याला घेऊन येते. त्याला आत घ्या. मी दुकानाबाहेर थांबेन. ही बाई कोण, असं कुणी विचारलं, तर खुर्ची विणून घ्यायला आलीय म्हणून सांगा. मी हो म्हणेन.

तुम्ही जिला टकळी म्हणायचात, ती,
तुमची सख्खी भाची