एका नांगीचा खेकडा

९ नोव्हेंबर २००३, रविवार

आज कमळ्यानं माझ्या कापड छापायच्या लाकडी छापांवर कुऱ्हाड घातली. मोर गेला. भाताची लोंबी गेली. पोपटाची चोच उडून थेट आमटीत पडली! वाचला तो एकटा खेकडा — जनी त्याच्यावर बसली होती म्हणून. नवरा कुऱ्हाड घेऊन समोर उभा, आणि ही बसूनच राहिली. उठली नाय.

कमळ्या माझा लेक, जनी त्याची बायको. सातवी पास. मी बोलते, ती लिहिते. मला अक्षर येत नाय, तेव्हा ती मला म्हातारी लिहिते का महिषासुर, तिचं तिलाच ठाऊक. (हसू नको गो. लिही.)

झालं काय — ओटीवर छापलेलं कापड वाळत होतं. कमळ्या मुंबईची दोन माणसं घेऊन आला. खालच्या शेतात त्यांना बंगले बांधायचेत. एकजण ओल्या कापडावरच टेकला. उठला तर पांढऱ्या पँटीवर निळा मोर, बरोबर बसायच्या जागी! मी म्हटलं, "साहेब, राहू द्या, फुकट आहे." ते हसले. ते गेल्यावर कमळ्या नाय हसला.

१२ नोव्हेंबर

नवा मोर कोरायला घेतला. सागाचा तुकडा, सुताराकडची जुनी पटाशी. रंग उल्हासनगरचा, डब्यातला. घोंगडीच्या तुकड्यावर तो ओतायचा, छाप त्यावर टेकवायचा, मग मांजरपाटावर ठेवून वरनं मुठीचा एक ठोसा. ठोसा नीट बसला पाहिजे, नायतर मोराची कोंबडी होते. उन्हात वाळवायचं, कोळशाच्या इस्त्रीनं दाबायचं, की रंग पक्का. मग तुकडे कापून जोडायचे, खाली जुनी लुगडी घालून धावदोरा. झाली गोधडी.

घरात ठोसे मारणारी दोघंच. मी कापडावर, माझा लेक बायकोवर. माझ्या ठोशाचं निदान फूल उमटतं. त्याच्या ठोशाचं जनीच्या डोळ्याखाली काय उमटलंय ते ती इथं लिहायचं नाय म्हणते. मी म्हणते लिही. निळं. कडेला पिवळं.

खेकड्याचं राहिलं. तो मी कमळ्याच्याच गोधडीसाठी कोरला होता. पोरगा लहानपणापासून वाकडा चालतो, म्हटलं ह्याला खेकडाच शोभेल. कोरताना पटाशी सटकली, एक नांगी तुटली. जनी म्हणाली, "आत्या, बरं झालं. एका बाजूनं तरी चावायचा नाय." (सासूला आत्या म्हणायची आमची रीत.) असला लुळा खेकडा विकत कोण घेणार? म्हसा गावच्या जत्रेला सगळे मोर आणि लोंब्याच नेल्या. खेकडा त्या एका गोधडीवर.

दोन थंड्या कमळ्या तिच्याखाली निजलाय. एकदा विचारलं, "गोधडीवर काय आहे रे?"

म्हणाला, "गोधडीवर काय असतंय? गोधडी असती."

१९ नोव्हेंबर

भात खळ्यावर आलं. कमळ्या आपली गोधडी घेऊन राखणीला खळ्यावर निजायला गेला. घरात शांत. जनी पोटभर जेवली. जेवताना गाणं म्हणत होती, मी ऐकलं नाय असं दाखवलं.

२३ नोव्हेंबर

बांधावर मारामारी. कमळ्या आणि लखमा. लखमाचं शेत आमच्या शेजारी, बंगल्यांना रस्ता हवा तो त्याच्या भातातनं. तो देत नाय. त्याची बायको बाईजा माझ्याकडं गोधड्या शिवायला येते. आम्ही दोघी ओटीवर सुया घेऊन, आणि बांधावर हे दोघं!

"रस्ता माझ्या भातातनं नाय जायाचा!"

"तर तुझ्या छाताडावरनं जाईल!"

कमळ्यानं विळा फेकून मारला. लखमाचा कान फाटला, लोंबला. लखमानं कमळ्याचं बोट दातात धरलं ते सोडेना. मी मधे गेले तर माझ्या पाठीत दगड बसला. कुणाचा, विचारलं. दोघंही म्हणतात आमचा नाय. दगड म्हणे आपला आपण आला.

बाईजानं लुगड्याच्या पदरानं नवऱ्याचा कान बांधला. जाताना मला म्हणाली, "मावशी, उद्या येते. कोपरा राहिलाय." एवढं झाल्यावर कोपरा!

२७ नोव्हेंबर

लखमा गेला.

पहाटे शेणव्याच्या वळणाला रस्त्याच्या कडेला सापडला. डोकं फुटलेलं. गाडीनं उडवलं असं वाटावं तसा पडला होता. पण गाडी उडवते ती गोधडीत गुंडाळून ठेवत नाय. जीपमधनं ठाण्याच्या इस्पितळात नेताना वाटेतच संपला. बाईजाचा आवाज आमच्या ओटीपर्यंत आला. माणसाचा वाटत नव्हता. गाय अडली म्हणजे ओरडते तसा.

कमळ्या सकाळीच घरी. थंड पाण्यानं आंघोळ. चुलीत बनियन जाळलं, वास आला. मग म्हणाला, चहा टाक.

मी विचारलं, "तुझी गोधडी कुठाय?"

"चोरीला गेली."

"भात सोडून गोधडी नेली? चोर शहाणा दिसत नाय."

कप भिंतीवर फोडला त्यानं. जनीच्या डोक्याशेजारी.

२८ नोव्हेंबर

फौजदार आला. त्याच्या माणसानं ओटीवर गोधडी पसरली. रक्तानं पापडासारखी कडक झालेली, घडी मोडताना वाजली. मधोमध खेकडा. एका नांगीचा. माझा ठोसा मला कळतो, डाव्या बाजूला जरा जास्त बसतो.

"आजी, सगळा गाव सांगतो हे काम तुमचं."

"माझंच."

"ही कोणाला दिली होती?"

मागनं कमळ्या बोलला, "जत्रेत विकल्यात साहेब. आख्ख्या तालुक्यात पसरल्यात. म्हातारी कुठं ध्यानात ठेवते?"

फौजदार माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, "डोळ्याला कमी दिसतं. आठवून सांगते."

दिसत होतं. आठवत होतं. नऊ महिने पोटात, दीड वर्ष छातीला, तापात फणफणला तेव्हा सापगावच्या डॉक्टरकडं पाठीवर नेला तोच हा. जनी दारात उभी होती. ती पण काय बोलली नाय. मी तिला म्हटलं, आपण दोघी मुक्याच बऱ्या. ती दळणाचा डबा घेऊन गिरणीला गेली.

३० नोव्हेंबर

दुपारी कमळ्या माझे पाय चेपायला बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी ओळखलं, आता काहीतरी मोडणार.

"आई, जत्रेत विकली म्हण. तेवढंच. दुसरं काय बोलू नको."

"कुठली विकली म्हणू? तिच्यावर काय छापलंय सांग."

"मोर. तुझे सगळे मोरच असतात."

मला हसू आवरेना. परवा ती त्याच्या डोळ्यांसमोर पसरली होती, तेव्हाही ह्यानं नुसतं रक्तच पाहिलं. मी हसले, हसतच राहिले. मग त्यानं माझा गळा धरला. अंगठे इथं, घाटीवर. डोळ्यांपुढं काळं झालं. जनीनं चुलीतलं पेटतं लाकूड काढलं आणि त्याच्या पाठीवर ओढलं. सदरा जळला, कातडी जळली. तो ओरडला, वळला, तिचा डावा हात धरून उंबऱ्यावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी काटकी मोडावी तसा.

मग घरातनं गेला. मुरबाडला कुणाकडं तरी आहे म्हणतात.

डावा मोडला, उजवा ठेवला. लिहायला. केवढे उपकार! गळा अजून दुखतो, म्हणून आज आवाज बसलेला. जनीला दोनदा सांगावं लागतंय.

सांगू का गो फौजदाराला? तू काय म्हणतेस? … ही काय बोलत नाय. नुसतं मी बोलले तेवढं उतरवते.

३ डिसेंबर

बाईजा आली. मला वाटलं शिव्या देईल. कोयता आणेल. ती आपल्याकडचे राहिलेले तुकडे घेऊन आली होती, घड्या घालून, मोर वेगळे, लोंब्या वेगळ्या. माझ्यापुढं ठेवले. जनीच्या हाताला पट्टी बघितली, माझ्या गळ्यावरचे वळ बघितले.

जाताना म्हणाली, "मावशी, पोटचा हाय, कळतं मला. पन लखमा बी कुणाच्या तरी पोटचा होता ना गो."

मी भाकरी घेतली होती ती तशीच राहिली. कुत्र्याला घातली.

५ डिसेंबर

आज काय लिहू नको.

(ही तेवढंच लिहिते!)

८ डिसेंबर, सोमवार

शहापूरला गेले. जनीला सांगितलं, गुडघ्याचं औषध आणते. जीपमधे मागं बसले, कोंबड्यांच्या टोपलीशेजारी.

पोलीस ठाण्यात फौजदाराला म्हटलं, "खेकडा मी एकदाच छापला. एकाच गोधडीवर. ती माझ्या कमळाकरची."

"आजी, विचार करून बोलताय ना?"

"विचार करून गप बसले होते. आता बोलतेय."

त्यांनी माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. नीट बसला नाय. मी म्हटलं, पुन्हा घे, फिका आलाय.

दुपारी त्याला मुरबाडहून धरून आणला. मी बाकावरच होते. मला बघून सगळं कळलं त्याला. ओरडला, "रांडे, तुझ्या तोंडात किडे पडतील!" दोघांनी धरलेला, तरी लाथ मारली. बाकाला बसली. मग आत नेला. आतनं मारल्याचे आवाज येत होते, आणि मधेच एकदा त्यानं "आये!" म्हटलं. डोळे मिटता येतात. कान मिटता येत नायत. मी कोंबड्यांच्या जीपनंच परत आले.

वाटभर एकच घोर — जनीला कसं सांगायचं? नवरा आहे तिचा. मारणारा असला तरी गळ्यात मंगळसूत्र त्याचंच. मग ध्यानात आलं, सांगायचं कशाला. लिहायला बसवलं की कळेल. कळलं ना गो? थांबू नको, लिही. शिव्या द्यायच्या तर त्यापण लिही, मला वाचता येत नाय.

९ डिसेंबर

जनीनं काल शिव्या लिहिल्या नायत. पेन ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, गोधडी ह्यांची म्हणून मी अठ्ठावीसलाच सांगितलं. गिरणीला गेले नव्हते. फौजदाराची गाडी वळणावर गाठली. तो म्हणाला, नुसतं बायकोचं पुरायचं नाय, छापणारीनं सांगाया पायजे. उद्या म्हातारीला न्यायला जीप घेऊन येतो. मी म्हटलं, नको. तिला कुणी ओढून आणू नका."

म्हणजे मी सांगू का नको, सांगू का नको करत होते, हात मोडून घेतला तिनं, आणि माझं सगळं उतरवत होती. गप!

मी विचारलं, "आणि मी गेलेच नसते तर?"

म्हणाली, "तर लिहीत बसले असते."