धूळ की धूर?

४ जानेवारी
आजच्या उपग्रहचित्रात एक करडी रेघ! टेकड्यांच्या पायथ्याशी सुरू होऊन पूर्वेला विस्कटत गेलेली. हवेतली धूळ आणि धूर कुठून कुठे जातो ते टिपणं हेच माझं काम, पण अशी रेघ पाहिली नव्हती. साहेबांनी चहाचा घोट घेत नजर टाकली — "धूळ आहे. धूळ लिहा."
लिहिलं. पण मनाला पटेना.

५ जानेवारी
रेघ तिथेच. सुरुवातीचं टोक तसूभरही हललेलं नाही.

७ जानेवारी
जेवताना घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आभाळातली धूळ दिसते हिला, कपाटावरची दिसत नाही!" ह्यांना हसून हसून ठसका लागला. मग सासूबाईच हळूच म्हणाल्या, "वारा पडला की धूळ बसते. तुझी बसते का बघ."
अरे! हे मला का सुचू नये?

९ जानेवारी
वारा पडलेला. बाकी सगळीकडची धूळ बसली. माझी रेघ मात्र हटायला तयार नाही — आखूड झाली, जागच्या जागी गोळा झाली, एवढंच. उष्णतेच्या चित्रात धूळ गुलाबी उठून दिसते. तिथे ही दिसतच नाही, आणि धूर तिथे दिसत नसतो. म्हणजे धूर! खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.
पण जळतंय काय? ना कारखाना, ना जंगल. कपाटातला जुना नकाशा काढला. रेघ सुरू होते तिथे कोळशाची खाण होती, वीस वर्षांपूर्वी बंद झालेली. आता तिच्यावर वस्ती आहे. शाळाही.

११ जानेवारी
शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. "आग? छे हो! सकाळी टेकडीपाशी धुकं असतं, तेवढंच." फोन ठेवणारच होते. सहज विचारलं, यंदा आणखी काही वेगळं? "नाही... हां, मागची खोली छान उबदार झालीय. फरशीच कोमट लागते. थंडी आहे ना, लहान मुलांना तिथेच बसवते."
म्हणजे फरशीखाली खाणीतला कोळसा धुमसतोय! "बाई, मुलांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."
मग — "तुम्ही कोण म्हणालात?"
तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी चार तारखेपासूनची सगळी चित्रं पाहिली, परत पाहिली. "चुकलो तर दोघांचंही हसं होईल हं." पण खाणखात्याला फोन त्यांनीच लावला.

१२ जानेवारी
मुलं वाचनालयात हलवली. खाणखात्याची माणसं परवा येणार. मुख्याध्यापिकांचा वैतागलेला फोन — "पालक भांडायला आलेत. कुणा बाईनं आभाळातून काहीतरी बघितलं म्हणून शाळा बंद?" माझंच मन डळमळतंय.

१४ जानेवारी
सकाळी सव्वाअकराला मागच्या खोलीची जमीन खचली. बाकं, फळा, सगळं खाली गेलं. खोलीत कुणी नव्हतं.