रिकामा डावा हात

मंगळवार, संध्याकाळ. अड्याळ.

थकलो. बाबा गेले, त्यांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, बंद पडली, म्हणून लॅपटॉपमध्ये पेटी घालायची अवदसा मलेच आठवली. आठ दिवसांपासून एकेक आवाज लॅपटॉपले जोडलेल्या कंट्रोलर-कीबोर्डच्या नॉबवर बसवून राहिलो. उद्या कोंढ्याले भीमगीतांचा कार्यक्रम, अन् गाणारे मामा दरवेळी गाणं उशिरा उचलतात. आज तालमीत चिडलोच, "मामा, काहून चुकून राहिले तुमी?"

"भाऊजींचा भाता उघडला का मी श्वास घेत होतो. तुया भाता कुठं आहे?"

बाबांचा डावा हात! पेटीचा भाता तोच हलवायचा. माझा तर नुसता मांडीवर पडलेला.

मग आवाजाचा चढउतार डावीकडच्या स्लायडरवर लावला, भात्यासारखा हलवला. मामांनी बरोबर उचललं. गाणं संपल्यावर डोळे पुसत म्हणाले, "हात भाऊजीसारखाच चालते तुया."

आठ दिवसांत सगळं जोडलं होतं मी. तेवढा हात सोडून.