संकल्पात काय म्हणायचं

५ ऑगस्ट २०२४

पाय पुन्हा सुजले. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहतो. स्पृहा म्हणाली, "आई, कणीक मळतेस का माझी?" हसली, आणि हसल्यानंच धाप लागली. सव्वीस वर्षांची मुलगी, बाथरूमपर्यंत जाताना दोनदा भिंत धरते!

मार्चमधला तो साधा ताप. साधा! त्यानं हृदयाचा स्नायूच निकामी केला. आज डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — औषधं आता नुसती वेळ काढतायत, दुसरं हृदय बसवणं एवढाच मार्ग. यादीत नाव आहेच. थांबायचं. किती? "काही महिने हातात आहेत असं समजा."

दर गुरुवारी मंडळात वाचन करते. बारा वर्षं बायकांना सांगत आले — आशा सोडू नये, आशा हीच श्रद्धा. सांगायला काय जातं!

९ ऑगस्ट

मंडळातल्या बायका आल्या होत्या. सत्यशीलाताई पुढे. अध्यक्ष त्याच, त्यामुळे आमच्या घरातलं रडणंही त्यांच्याच अध्यक्षतेखाली. "नीरजाताई, स्पृहासाठी सगळ्यांनी मिळून जप करायचा. रोज अकरा ते बारा. संकल्प मात्र तुम्ही सांगायचा."

सोसायटीत कुठलीही पूजा असो, संकल्प सांगायला मी. शाळेत संस्कृत शिकवल्याची ही शिक्षा. ओंजळीत पाणी घ्यायचं, नाव-गोत्र सांगायचं, आणि कशासाठी करतोय ते स्वच्छ म्हणायचं. मोघम चालत नाही — हे मीच सगळ्यांना दटावून सांगत असते.

म्हटलं — स्पृहेला लवकर हृदय मिळावं म्हणून. चौदा बायकांनी माझ्यामागून म्हटलं. पाणी सोडलं. फार बरं वाटलं. किती दिवसांनी मोकळेपणानं रडले.

१३ ऑगस्ट

जप चालू. फोन नाही.

१९ ऑगस्ट

मालनबाई पोळ्या लाटता लाटता आमच्याबरोबर जप पुटपुटतात. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. आज मध्येच विचारलं, "ताई, पर ह्ये हृदय मिळनार कुठनं?"

मी समजावून सांगितलं. एखाद्याला अपघातात डोक्याला मार लागतो. मेंदू संपतो, पण मशीनवर हृदय चालू असतं. घरचे हो म्हणाले तर ते दुसऱ्याला देतात.

लाटणं थांबलं. "म्हंजी कुनाचं तरी लेकरू जायाला पायजे, व्हय?"

"तसं नाही हो. तसं आपण मागत नाही."

"मंग काय मागतोय?"

तव्यावरची पोळी करपली. दोघींपैकी कुणीच ती उलटली नाही.   जाताना मालनबाई म्हणाल्या, "पोरीसाठी म्या सोमवार धरीन ताई. पर ह्यो जप माझ्यानं न्हाई व्हायचा."

२० ऑगस्ट

"लवकर"! मी "लवकर" म्हणायला लावलं!

२६ ऑगस्ट

हे लिहू की नको. लिहितेच. दुसऱ्या कुणाला सांगणार?

अनंतना लग्न झालं तेव्हापासूनची एक खोड आहे. सिग्नलला हेल्मेट नसलेला मुलगा दिसला की काच खाली करून टोमणा मारायचा — "वा! आत काही नसलं की झाकायची गरज पडत नाही!" मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. आयुष्यभर हेच चाललंय.

आज औषधं घेऊन येत होतो. गंगाधाम चौकात लाल सिग्नल. शेजारी बाईकवर एक मुलगा, असेल बावीस-तेवीसचा. हेल्मेट आरशाला लटकवलेलं. कानात गाणं, बोटं टाकीवर ठेका धरतायत. तब्येतीनं चांगला. अनंतनी काच खाली केली. तोंड उघडलं. आणि मिटलं. काच वर केली.

 मी त्याच्या छातीकडे बघत होते.

घरी आल्यावर अनंत चपला न काढता खुर्चीत बसले. "मी गप्प का बसलो, नीरजा?"

"सिग्नल सुटला म्हणून."

"सुटला नव्हता."

देवा, मी कोण झालेय? समोरच्या पोराकडे बघून मनात येतं काय, आणि त्याला मी नाव दिलंय आशा!

२८ ऑगस्ट

शेवटी स्पृहाला सांगितलं. चौकातलं नाही, जपाचं. वाटलं कोसळेल. ती उशीला टेकून म्हणाली, "आई, मला हे लिस्टवर नाव टाकलं त्याच दिवशी कळलंय. कुणीतरी आत्ता एफसी रोडवर मस्त सँडविच खातंय आणि आय ॲम वेटिंग. वियर्ड ना? तुझ्या मंडळाला सांग, नेम धरून जप करा!"

मी रागावले. तिनं माझा हात ओढून घेतला. बोटं गार. "मी कुणाचं वाईट नाही मागत गं. पण मला जगायचंय, खूप जगायचंय. दोन्ही खरं आहे. तू काय ते तुझ्या देवाशी सेटल कर."

माझी पोथी, माझं संस्कृत, बारा वर्षांची प्रवचनं! ह्या एका वाक्यापुढे काही टिकत नाही.

१ सप्टेंबर

जप बंद करायला सांगितलं. सत्यशीलाताई म्हणाल्या, "अहो, सद्हेतू महत्त्वाचा. कुठून आणायचं ते देव बघेल." म्हणजे आपले हात स्वच्छ! मी फोन ठेवून दिला. गुरुवारी वाचनालाही जाणार नाही. कसली आशा आणि कसली करुणा. लांबच्या माणसाबद्दल हळहळायचं आणि घरी येऊन जेवायचं, एवढीच माझी करुणा होती आजवर.

११ सप्टेंबर

दुपारी अडीचला फोन आला! "जुळतंय. लगेच निघा." कुकर तसाच टाकून निघालो. वाटेत गणपतीचे मांडव, रस्ते अडलेले, अनंतचा हात सारखा हॉर्नवर. स्पृहाला आत नेलं. तयार केलं. साडेसहाला अवयवदानाचं काम बघणारी कोऑर्डिनेटर मुलगी बाहेर आली, आणि तिच्या तोंडाकडे बघूनच समजलं.

घरचे आधी हो म्हणाले होते. मग मुलाच्या आईनं नाही म्हटलं. तिला वाटतंय, तो डोळे उघडेल.

मी ओरडले. भर व्हरांड्यात. "तो गेलाय! सांगा त्या मूर्ख बाईला, तो गेलाय!" लोक बघत होते. अनंतनी मला धरून खाली बसवलं. स्पृहाला परत बाहेर आणलं तेव्हा ती म्हणाली, "चला, घरी. भूक लागलीये." खाल्लं मात्र काहीच नाही.

१२ सप्टेंबर

त्या बाईला दिवसभर शाप दिले. लिहायला लाज वाटते असे.

१५ सप्टेंबर

सकाळी स्पृहाचे केस विंचरत होते. इतके गळतात! आणि एकदम वाटलं — तीसुद्धा आत्ता कुठेतरी बसली असेल. दवाखान्याच्या बाकावर. किंवा आता घरी. मुलाचे कपडे घडी करत.

तिनं काय चूक केली? आशा सोडली नाही. हेच तर मी बारा वर्षं शिकवत आले! तिची आशा माझ्या आशेच्या आड आली, म्हणून ती मूर्ख आणि मी श्रद्धावान? तिच्या जागी मी असते आणि कुणी म्हटलं असतं, "बाई, तुमची मुलगी गेली, तिचं हृदय द्या" — मी त्याच्या थोबाडीत मारली असती.

तिच्यासाठी रडू आलं. कुणाचं नाव माहीत नसताना असं रडू येतं, हे ठाऊक नव्हतं.

२३ सप्टेंबर

स्पृहाला काल भरती केलं. आता घरी आणणार नाहीत. हाताला सुया, ओठ जांभळट. बोलताना एका वाक्याचे तीन तुकडे. डॉक्टर आता महिने म्हणत नाहीत.

आज आंघोळ करून देवापुढे एकटीच बसले. ओंजळीत पाणी घेतलं. नाव, गोत्र म्हटलं. आणि पुढे शब्दच नाही! पाणी बोटांतून गळत होतं. हृदय मिळू दे म्हणवेना. मिळू नये असं तर मुळीच म्हणवेना. खोटं कशाला बोलू? पोटात तीच एक ओरड आहे, माझी पोर वाचव!

शेवटी म्हटलं ते मराठीतच. जो कुणी जाणार असेल त्याला मी बोलावलेलं नाही. पण जाईल तेव्हा त्याच्या आईजवळ कुणीतरी असू दे. आणि ती नाही म्हणाली, तर माझ्या तोंडून तिच्यासाठी वाईट शब्द निघू नये.

दोन थेंब उरले होते. तेच सोडले.

२७ सप्टेंबर

फोन नाही. स्पृहा फार झोपते.

३० सप्टेंबर

सकाळी दहाला कोऑर्डिनेटर स्वतः आली. "हो म्हणालेत."

कोण? कुठला? किती वर्षांचा? "सांगता येत नाही, मॅडम." आईजवळ कुणी आहे का, एवढं विचारलं. ती गोंधळली. मग म्हणाली, "आहेत. बहीण आहे."

आत नेताना स्पृहानं अंगठा वर केला.  अनंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

१ ऑक्टोबर

चालतंय! काचेतून बघितलं. ओठ गुलाबी. गुलाबी! डॉक्टर म्हणतात, एवढ्यात काही सांगता येणार नाही, पण चालतंय. मी हात जोडले आणि कुणासमोर जोडले ते कळेना.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. आम्ही घट बसवले नाहीत. अनंतनी काल विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि देवाजवळची फुलं उचलून ठेवली.

मालनबाईंनी आज पोळ्या लाटल्या नाहीत. घरून पिठलं-भात करून आणला आणि ओट्यावर ठेवला. 

संध्याकाळी सत्यशीलाताई पेढे घेऊन आल्या. "जपाला फळ आलं!" मी दारातच थांबवलं. "आत नका येऊ. आम्हाला सुतक आहे."

"अगं बाई! कोण गेलं?"

"नाव सांगत नाहीत," मी म्हटलं. "घरातलंच."